अंदाजबाईंचा न चुकणारा आकडा

अंदाजबाई हे नाव त्यांना हिशेबखात्यातल्या लोकांनी ठेवलं, आणि ठेवलं ते निव्वळ चिडवायला. बस कंपनीत बाकी सगळे काल काय झालं ते लिहायचे. ही एकटी बाई उद्या काय होईल ते लिहायची. हिशेबखात्याला हा चावटपणा वाटायचा. "काय अंदाजबाई, उद्या आमच्या साहेबांचा मूड कसा असेल?" असं कोणी जिन्यात विचारलं की बाई थांबायच्या, चष्मा वर सरकवायच्या आणि अगदी गंभीरपणे सांगायच्या, "मागचे सोमवार बघता वाईट. पण थोडं हातचं राखून सांगते हं." मग विचारणाराच हसत सुटायचा. असल्या माणसाला चिडवण्यात काही राम नसतो. चिडवणं बंद पडलं, पण नाव मात्र राहिलं.

काम सांगायला सोपं होतं. डेपोतल्या प्रत्येक गाडीचं वय, ती किती धावली, मागच्या वेळी तिचं काय बिघडलं, तिच्या वाटेवर चढ किती, ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवूनच चालवणारा आहे की काय, हे सगळं बाईंनी वर्षानुवर्षं कॉम्प्युटरमध्ये भरलं होतं. त्यावर त्यांनी एक गणिती मॉडेल बसवलं होतं. ते रोज एकच गोष्ट सांगायचं: उद्या किती गाड्या वर्कशॉपमध्ये येतील. कंपनीला तेवढंच हवं होतं, कारण त्यावर किती मेकॅनिक बोलवायचे, किती सुटे भाग मागवायचे, किती जादा गाड्या तयार ठेवायच्या, ते ठरायचं.

पण बाई नुसतं "सात" असं कधीच म्हणायच्या नाहीत. "सात. पण पाच ते नऊ धरून चला." लोकांना सात ऐकू यायचं आणि पुढचं वाक्य हवेत विरून जायचं. याचा त्यांना जेवढा त्रास व्हायचा तेवढा पगार उशिरा झाल्याचाही होत नसे. घरी पाहुणे यायचे असले तरी तीच तऱ्हा. "सहाजण येतील, पण चार ते आठ धरा," असं त्यांनी म्हटलं की नणंदबाई कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "मग वहिनी, पातेलं कुठलं काढू? चारचं की आठचं?"

नणंदबाई त्यांच्याकडेच राहायच्या. जिभेला धार, मनाला अजिबात नाही. बाईंचे यजमान पोहायला शिकवायचे. आयुष्यभर तलावाच्या या काठावरून त्या काठावर ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की "मीठ दे" म्हटलं तरी शेजारच्या घरातून कोणीतरी मिठाला हात घालावा. अंगाला कायम तलावातल्या औषधाचा वास. माणूस मात्र पाण्यासारखा थंड. बाई कितीही चिंतेत असल्या तरी त्यांचा एकच सल्ला ठरलेला असायचा: "अंग सैल सोड, आपोआप तरंगशील."

चिंतेला कारण होतं. बाईंची नोकरी पक्की नव्हती. दरवर्षी करार संपायचा आणि दरवर्षी, अगदी शेवटच्या आठवड्यात, नवा व्हायचा. त्या आठवड्यात बाई टेबलावरचा कप, उशी आणि खुर्चीच्या पाठीवरची शाल गुपचूप पिशवीत घालून घरी आणायच्या, आणि करार झाला की तशाच गुपचूप परत न्यायच्या. कोणी पाहिलं तर म्हणायच्या, "धुवायला नेलं होतं." कप धुवायला घरी नेतात का, असं कोणी विचारलं नाही, हा लोकांचा चांगुलपणा.

वर्कशॉपमध्ये मात्र त्यांना कोणी अंदाजबाई म्हणत नसे. तिथे त्या ताई होत्या, आणि त्याला कारण ब्रेकचं एक जुनं प्रकरण होतं. काही वर्षांपूर्वी गाड्यांचे ब्रेक वारंवार जायला लागले. वरून ठपका आला की मेकॅनिक कामचुकारपणा करतात. फोरमन म्हणजे धिप्पाड गडी, गाडीचं इंजिन एकट्यानं हलवेल, पण कागद समोर आला की लहान मुलासारखा भांबावायचा. त्याला उत्तरच देता येईना. बाई खाली आल्या, टायरवर बसल्या, आणि एकेका गाडीची कथा विचारून घेत बसल्या. मग त्यांनी दाखवून दिलं की ब्रेक गेले ते सगळे एकाच खेपेला आलेल्या लायनरचे, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्यांचे. कोणी बसवले याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ठपका गेला. फोरमनच्या चष्म्याला वायरीची दोरी बांधलेली असायची; तो चष्मा काढून त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "ताई, तुम्ही टायरवर नका बसत जाऊ. ग्रीस लागतं." दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक खुर्ची आली. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या बसची सीट होती ती, खाली चार पाय वेल्ड केलेले. बाईंना वरच्या मजल्यावरच्या गादीच्या खुर्चीपेक्षा ती जास्त आवडायची, आणि ते त्या बोलूनही दाखवायच्या.

आता या लोकांपासून आकडा लपवायचा कशाला, असं बाईंना वाटलं. ज्यांच्या अंगावर काम पडणार त्यांना आधी कळायला नको? म्हणून रोज सकाळी वर जाण्याआधी त्या वर्कशॉपच्या फळ्यावर आजचा आकडा खडूनं लिहायला लागल्या. खाली बारीक अक्षरांत "पाच ते नऊ धरा" असंही लिहायच्या. खडू संपला तर फोरमन खिशातून काढून द्यायचा.

आणि काय चमत्कार! मॉडेल सुधारत गेलं. आधी दोन-तीन गाड्यांनी चुकायचं, मग एखाद्या गाडीनं, आणि गेलं वर्षभर तर जवळजवळ चुकेचना. सात म्हटलं की सात. अकरा म्हटलं की अकरा. हिशेबखात्यातली मंडळी जिन्यात बाजूला होऊन वाट द्यायला लागली. कंपनीच्या नव्या संचालक मॅडम, वयानं बाईंपेक्षा बऱ्याच लहान, बोलायला तडफदार, त्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"हे मॉडेल आपण सगळ्या डेपोंमध्ये लावायचं. त्यासाठी नवा विभाग काढतेय, आणि त्याच्या प्रमुख तुम्ही. पक्की नेमणूक. सोमवारी वरच्या समितीपुढे तुम्ही आकडे मांडा, मी फाइल पुढे पाठवते."

बाईंना वाटलं खुर्ची जरा हलली. पक्की नेमणूक! शाल आता कायमची खुर्चीवर राहणार.

"आणि एक," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आकड्यांत गेल्या वर्षभरात एकही वाईट दिवस नाहीये. कधी अचानक जास्त गाड्या आल्यात, असं झालंच नाही. मग ते बदली कामगार ठेवलेत कशाला? ते वाईट दिवसासाठीच असतात ना? त्यांचे करार मी थांबवतेय."

बाई हो म्हणाल्या. आनंदाच्या भरात माणूस कशालाही हो म्हणतो. खाली उतरताना त्यांच्या ध्यानात आलं, की बदली म्हणजे वर्कशॉपमधली ती अर्धा डझन माणसं, जी बोलावलं तर येतात, नाही तर घरी फोनपाशी बसतात. त्यांतला वेल्डर म्हणजे त्यांच्या खुर्चीला पाय लावणारा. त्यांना वाईट वाटलं. पण आकडे खरे असतील तर आपण काय करणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, आणि घरी आल्या.

घरी नणंदबाईंनी बातमी ऐकली आणि तासाभरात केस कापायच्या दुकानात ती पोचवूनही आल्या. "आमची वहिनी आता प्रमुख!" यजमान इतक्या जोरात "शाब्बास!" म्हणाले की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

रविवारी बाई सोमवारच्या तयारीला बसल्या. त्यांनी एक चित्र काढायला घेतलं: रोजचा अंदाज किती, प्रत्यक्ष गाड्या किती, आणि दोघांत फरक किती. पहिल्या वर्षांचे ठिपके शाळा सुटल्यावर पोरं पांगतात तसे कुठेही पडले होते. शेवटच्या वर्षाचे ठिपके मात्र एका ओळीत शहाण्यासारखे उभे. बाईंनी कौतुकानं त्या ओळीकडे पाहिलं. मग जरा जास्त वेळ पाहिलं. आणि मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

या बाईंचा उभा जन्म आकड्यांत गेला होता. खरे आकडे असे वागत नाहीत, हे त्यांना आपल्या नणंदेच्या स्वभावाइतकं पक्कं ठाऊक होतं. मॉडेल कितीही चांगलं असो, गाडी ही गाडी असते. एखादा बोल्ट कुठे सुटेल हे कोणाच्या बापाला कळत नाही. थोडं तरी चुकायलाच हवं. चूक गेली कुठे?

त्या एकेक दिवस तपासायला लागल्या, आणि एका दिवसापाशी थांबल्या. त्या दिवशी शहरात धावण्याची मोठी शर्यत होती. रस्ते बंद होते आणि निम्म्या गाड्या डेपोतच उभ्या होत्या. ही गोष्ट कॉम्प्युटरला सांगायला बाई साफ विसरल्या होत्या, त्यामुळे त्यानं सगळ्या गाड्या धावणार असं धरून नऊचा आकडा दिला होता. निम्म्याच गाड्या रस्त्यावर. अंदाज चुकीच्या माहितीवर काढलेला. आणि वर्कशॉपमध्ये आलेल्या गाड्या किती?

नऊ.

"अहो," बाई म्हणाल्या, "उभी गाडी बिघडते का हो?"

"माझ्या तलावात उभा माणूस बुडतो," यजमान आतून गरजले, "गाडीचं मला माहीत नाही."

सोमवारची बैठक दुपारी होती. बाई सकाळी लवकर डेपोत पोचल्या, पण फळ्याकडे गेल्या नाहीत. सरळ फोरमनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मागे ग्राइंडर चालू होता, म्हणून दोघांनाही ओरडावं लागत होतं.

"शर्यतीच्या दिवशी नऊ गाड्या कुठून आल्या?"

"अं?" फोरमननं चष्मा लावला, काढला. "ताई, गाडीचं काय, उभ्या उभ्याही बिघडते."

"नऊच्या नऊ?"

फोरमन फळ्याकडे बघायला लागला. फळा कोराच होता. ग्राइंडरवाल्यानं काय चाललंय ते ओळखून ग्राइंडर बंद केला, आणि मग त्या शांततेत एवढा मोठा माणूस पुटपुटल्यासारखं बोलला.

"तुम्ही नऊ लिहिलं होतं ना."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरुवातीला एकदा आकडा चुकला, तेव्हा हिशेबखात्यातल्या कोणीतरी वर्कशॉपमध्ये येऊन बाईंची टिंगल केली होती. ते या मंडळींच्या मनाला लागलं. तेव्हापासून त्यांनी ठरवूनच टाकलं. संध्याकाळी एखादी गाडी कमी पडली, तर पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला यायची असलेली गाडी आजच आत घ्यायची. गाडीत काही ना काही सापडतंच. एखादी जास्त झाली, तर ती दुरुस्त करायची आजच, पण लिहायची उद्या. फार जास्त झाल्या, तर बदली कामगारांना बोलवून सगळ्या उरकायच्या आणि नोंद तीन-चार दिवसांत वाटून टाकायची.

"एकही बिघडलेली गाडी रस्त्यावर नाही सोडली हां," फोरमन घाईघाईनं म्हणाला. "कामात खोट नाही. फक्त लिहिण्यात जरा इकडचं तिकडं. तुमचा आकडा चुकला असता तर वर तुम्हाला बोलले असते ना. तुमचं आधीच कराराचं असं..."

म्हणजे कपाची आणि शालीची गोष्ट यांना ठाऊक होती तर! बाईंना रडावं की फोरमनच्या डोक्यात पान्हा घालावा ते कळेना. वर्षभर आपण ज्या मॉडेलच्या प्रेमात होतो, ते मॉडेल नव्हतंच. ती ही माणसं होती, ग्रीस लागलेल्या हातांनी रोज संध्याकाळी आपला आकडा बरोबर करून देणारी. आणि दोष द्यायचा कोणाला? ज्यांचं काम मोजायचं त्यांनाच आधी उत्तर सांगून ठेवायचं नसतं, हा त्यांच्या विद्येतला पहिला धडा. तो त्या स्वतः इतरांना शिकवायच्या, आणि रोज सकाळी खडू घेऊन मोडायच्या.

"तुम्ही काय केलंत तुम्हाला कळतंय का?" बाई म्हणाल्या, आणि मग मॅडमचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. वाईट दिवस तुम्ही वाटून टाकलेत. म्हणून वर दिसतं की वाईट दिवस येतच नाहीत. म्हणून बदली नकोत.

फोरमन मटकन टायरवर बसला. मागे उभा असलेला वेल्डर, स्वतःच बदली, अजून न समजल्यासारखा हसतच होता. मग त्याचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे आम्ही आमच्याच पायावर..." फोरमन म्हणाला. मग उठून उभा राहिला. "मी येतो वर. मी सांगतो मॅडमना, मी केलं म्हणून."

"आणि खोट्या नोंदींसाठी घरी बसाल. गप्प राहा."

"मग तुम्ही सांगितलंत तर तुमची नेमणूक जाईल की."

"ते माझं मी बघते."

"असं कसं? चूक आमची."

"फळ्यावर कोणी लिहिलं? तुम्ही का मी?"

"खडू कोणी दिला?"

असं भांडण त्या वर्कशॉपनं कधी ऐकलं नव्हतं. दोघंही चूक आपल्याकडे ओढत होते, आणि दोघंही रागानं लाल झाले होते. शेवटी बाईंनी हुकूमच सोडला: वर कोणीही यायचं नाही.

दुपारच्या बैठकीआधी बाई मॅडमच्या खोलीत गेल्या. ती सरळ रेष त्यांनी टेबलावर ठेवली आणि शर्यतीचा दिवस सांगितला. "हे आकडे समितीपुढे ठेवता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मी रोजचा अंदाज वर्कशॉपमध्ये लावत होते. समोर आकडा दिसला की माणसं त्याच्याकडे झुकतात. मला हे माहीत होतं आणि तरी मी लावला. त्यामुळे वर्षभराच्या नोंदी मॉडेल तपासायच्या कामाच्या नाहीत. वाईट दिवस आलेत. फक्त ते दिसत नाहीत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नोंदी कोणी बदलल्या?"

"मी लावलेल्या आकड्यानं."

"मी माणसाचं नाव विचारतेय."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मॅडम, तुम्ही चौकशी केलीत तर पुढच्या वर्षी लोक तुम्हाला हवे तेच आकडे देतील, आणि ते माझ्यापेक्षा हुशारीनं देतील. मग आपल्याला खरं कधीच कळणार नाही. ही चूक माझ्या नावावर घाला. कामाची पद्धत माझी होती."

मॅडमनी ते चित्र स्वतःकडे ओढलं. त्याही अडचणीत होत्या. वर शब्द देऊन बसल्या होत्या. "मी समितीला काय सांगू?"

"सांगा की अजून आपल्याकडे खरा आकडा नाही. आणि तो येईपर्यंत बदली कामगारांना हात लावू नका."

"तुमची फाइल मी अशी पुढे पाठवू शकत नाही, कळतंय ना तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या. रागावून नाही, त्यांनाही ते जिवावर आलं होतं. "करार चालू राहील. पुन्हा पहिल्यापासून मोजा. अंदाज रोज फक्त मला पाठवायचा. खाली एका शब्दानं सांगायचा नाही. थंडी संपेपर्यंत बदली राहतील. तोवर वाईट दिवस दिसला नाही, तर मला त्यांना काढावंच लागेल."

घरी नणंदबाईंनी कपाळाला हात लावला. "कोणी सांगितलं होतं एवढं खरं बोलायला? आता मी दुकानात काय तोंड दाखवू?" त्या रागारागानं आत गेल्या आणि भांड्यांवर राग काढत राहिल्या. यजमानांनी नेहमीचा सल्ला दिला नाही. ते बाईंच्या शेजारी येऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले की बाईंना नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?" असं विचारल्यावर त्यांनी नुसता हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी नणंदबाई केस कापायच्या दुकानात गेल्या आणि तिथे त्यांनी जाहीर केलं, की मोठी जागा आमच्या वहिनीनंच नको म्हणून परत केली, तिला एवढ्या खालच्या कामात रस नाही.

मग सुरू झाले ते दिवस बाईंना जड गेले. मॉडेल आता एकटं होतं, कोणाच्या मदतीशिवाय, आणि चांगलंच अडखळत होतं. कधी दोननं चुके, कधी तीननं. हिशेबखात्यानं जिन्यात वाट द्यायचं बंद केलं. खाली फोरमन रोज सकाळी विचारायचा, "ताई, आज किती?" आणि बाई म्हणायच्या, "सांगायचं नाही." तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. आकडा कळला असता तर काहीतरी करता आलं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. खरं तर चुका मोठ्या होत्या, पण वाईट म्हणावा असा दिवस काही येईना. थंडी संपत आली. वेल्डरनं दुसरीकडे काम बघायला सुरुवात केली. वाईट दिवस यावा अशी इच्छा करणं चांगलं नाही, हे बाईंना कळत होतं. तरी त्या ती करत होत्या.

आणि मग एका सकाळी कडाका पडला, हवामानखात्यालाही न सांगता आल्यासारखा. बाईंनी मॅडमना पाच गाड्या कळवल्या होत्या, तीन ते सात धरा असं नेहमीचं शेपूट लावून. सकाळीच बॅटऱ्या बसायला लागल्या. मग डिझेल गोठून दोन गाड्या चढावर थांबल्या. दुपारपर्यंत वर्कशॉपच्या दारात रांग लागली. बाई खिडकीतून बघत होत्या. त्या रांगेत त्यांचा अंदाज सपशेल आपटला होता, आणि त्यांचं काळीज असं धडधडत होतं जसं पोराच्या निकालाच्या दिवशी आईचं धडधडतं. बदली कामगारांना फोन गेले. सगळे आले. वेल्डर धावतच आला, घरातल्या चपला घालून.

दिवेलागणीला बाईंनी मॅडमपुढे ओळ ठेवली: सांगितल्या पाच, आल्या चौदा.

"बदली नसते तर?" मॅडमनी विचारलं.

"तर उद्या सकाळी लोक थांब्यांवर उभे राहिले असते आणि गाड्या इथे."

मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. "हा दिवस नीट करायचा नाही," त्या म्हणाल्या. "आहे तसा ठेवा. बदली कामगारांचे करार मी पुढच्या वर्षासाठी पाठवते." मग म्हणाल्या, "तुमची फाइलसुद्धा परत काढून बघते. पण आत्ताच कोणाला सांगू नका."

बाई खाली आल्या. वर्कशॉपमध्ये शेवटची गाडी सुरू करून बघत होते. फोरमन हात पुसत समोर आला. कपाळावर काळं लागलं होतं आणि चेहरा अपराध्यासारखा झाला होता.

"ताई, आज फार चुकलं का हो?"

बाईंना सांगायची परवानगी नव्हती. पण चेहऱ्याला परवानगी कोण विचारतं? त्यांच्या ओठांचे कोपरे हलले ते फोरमननं पाहिलं, आणि त्याला वाटलं बाई आता रडणार. तो एकदम जवळ आला, आणि मागच्या सगळ्यांना साक्षीला धरत, गळ्याला चिमटी लावून, कळवळून म्हणाला,

"ताई, शप्पथ घेऊन सांगतो. आज आम्ही काहीसुद्धा केलं नाही. चौदाच्या चौदा आपापल्याच आल्या हो!"

"माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि मग मात्र खरंच रडल्या. त्या ग्रीसच्या वासात, त्या सगळ्या दमलेल्या माणसांसमोर, त्यांना इतकं सुख होत होतं की डोळे पुसायचंही सुचलं नाही. फोरमन बिचारा काही न समजून त्यांची समजूत घालत राहिला, की उद्या येईल बरोबर, उद्या नक्की येईल.